वैमानिकाच्या कापडी बिल्ल्याची ओळख : आंतरयुद्धकालीन जर्मनी आणि हैदराबाद संस्थान यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

इतिहासाच्या साधनांचा विचार करताना आपल्याकडे शिलालेख, ताम्रपट, नाणी, बखरी आणि दफ्तरखान्यातील कागदपत्रे यांची चर्चा विपुल प्रमाणात झालेली आहे. त्या तुलनेत सैनिकाच्या गणवेशावरील बिल्ला हे साधन उपेक्षितच राहिले. नाण्यावर राजाचे नाव असते, टांकसाळ असते, पुष्कळदा वर्षही असते. बिल्ल्यावर मात्र बहुधा केवळ चित्र असते. त्यातही धातूचा बिल्ला टिकतो व त्याच्या पाठीवर कधी निर्मात्याची खूण सापडते. कापडी बिल्ल्याला तेवढाही आधार नसतो. गणवेश जीर्ण झाला की बिल्ला उसवून काढला जातो, पेटीत पडून राहतो आणि एक-दोन पिढ्यांनंतर तो कोणाचा, कशाचा, हे सांगणारे कोणी उरत नाही.

पहिले महायुद्ध संपल्यापासून दुसरे सुरू होईपर्यंतच्या, म्हणजे १९१८ ते १९३९ या काळातील जर्मन वैमानिकांचे कापडी बिल्ले हे अशा ओळख हरवलेल्या साधनांचे ठळक उदाहरण होय. हा विषय प्रथमदर्शनी मराठवाड्यातील अभ्यासकाला दूरचा वाटेल. तथापि ज्या हैदराबाद संस्थानात त्या काळी जालना होते, त्या संस्थानाचे नाव याच काळात ब्रिटिश हवाई दलाच्या पथकांशी व त्यांच्या मानचिन्हांशी जोडले गेले, आणि त्या नावाचे एक विमान बर्लिनच्या संग्रहालयात जाऊन पोहोचले. प्रस्तुत शोधनिबंधात या दोन्ही प्रकरणांचा एकत्रित विचार करून बिल्ला 'ओळखणे' म्हणजे नेमके काय, याची चिकित्सा केली आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) आंतरयुद्धकालीन जर्मन वैमानिकांच्या कापडी बिल्ल्यांची ओळख पटवण्यात कोणत्या अडचणी येतात, ते पाहणे.
२) चित्र, मान्यता देणारी संस्था आणि वस्त्राची घडण या तीन अंगांनी बिल्ल्याची तपासणी कशी करावी, हे स्पष्ट करणे.
३) 'हैदराबाद' हे नाव धारण करणाऱ्या विमानपथकांच्या चिन्हांचा अर्थ मराठवाड्याच्या इतिहासाच्या संदर्भात लावणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक आणि वर्णनात्मक-विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अभ्यासाची मर्यादा मुख्यतः १९१८ ते १९३९ ही असून आवश्यक तेथे मागचे-पुढचे संदर्भ घेतले आहेत.

१. असईचा हत्ती : चित्र आणि अर्थ

पद्धतीचा मुद्दा स्पष्ट करण्यासाठी आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घेणे सोयीचे ठरेल. जालना जिल्ह्याच्या उत्तर भागात केळणा आणि जुई या नद्यांच्या परिसरात असई हे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तेथे आर्थर वेलस्ली याने दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले (दुसरे) यांच्या फौजांचा पराभव केला. या विजयाबद्दल कंपनीच्या व राजाच्या सैन्यातील काही पलटणींना हत्तीचे चित्र व त्यासोबत 'असई' हे नाव धारण करण्याचा मान मिळाला. पुढे हायलँड लाइट इन्फन्ट्री या स्कॉटिश पलटणीच्या टोपीवर हा हत्ती दिसत असे, आणि स्वतंत्र भारताच्या मद्रास रेजिमेंटच्या चिन्हावर तो आजही आहे.

आता एखाद्याला केवळ हत्तीचे चित्र असलेला बिल्ला मिळाला, तर तो त्यावरून काय अनुमान काढील? हत्ती म्हणजे भारत, हे पहिले अनुमान. हत्ती म्हणजे एखाद्या संस्थानिकाची सेना, हे दुसरे. ग्लासगोच्या परिसरातून भरती होणाऱ्या पलटणीचा तो बिल्ला असेल, हे मात्र चित्र पाहून कोणालाही सुचणार नाही. त्यासाठी तो मान कोणी, कोणाला आणि कोणत्या प्रसंगी दिला, हे ठाऊक असावे लागते. यावरून पहिले सूत्र हाती येते. चित्र हे बिल्ल्याचे केवळ दर्शनी रूप होय. त्याची ओळख त्याला मान्यता देणाऱ्या सत्तेत दडलेली असते. दुसरी गोष्टही येथेच लक्षात घ्यावी. असईच्या रणभूमीवर जे हरले, त्यांची आठवण या चिन्हात नाही. बिल्ला हा जेत्याचा दस्तऐवज असतो.

२. जर्मन वैमानिकाचा बिल्ला : ओळख का हरवते?

जर्मनीत लष्करी वैमानिकाचा बिल्ला प्रशियाचा राजा व जर्मन सम्राट दुसरा विल्हेल्म याने २७ जानेवारी १९१३ रोजी सुरू केला. लंबवर्तुळाकार पुष्पमाला, तिच्या शिरोभागी मुकुट आणि मध्ये उडणारे विमान, अशी त्याची रचना होती. बव्हेरियाच्या वैमानिकांसाठी त्या राज्याचा निराळा मुकुट असे. त्यामुळे या काळातील बिल्ला ओळखणे तुलनेने सुलभ आहे. मुकुट पाहिला की राज्य कळते.

नोव्हेंबर १९१८ मध्ये सम्राटाने पदत्याग केला आणि मुकुटाचा आधारच नाहीसा झाला. २८ जून १९१९ रोजी झालेल्या व्हर्सायच्या तहाच्या १९८ व्या कलमाने जर्मनीला लष्करी वा नाविक हवाई दल ठेवण्यास मनाई केली. परिणामी पुढील सुमारे दीड दशक कायद्याच्या दृष्टीने जर्मनीत हवाई दल नव्हते. मात्र वैमानिक होते. ते कोठे होते, हे पाहिले की बिल्ल्यांचे कोडे उलगडू लागते.

काही जण नागरी विमान वाहतुकीत गेले. १९२६ मध्ये लुफ्तहान्सा कंपनी स्थापन झाली. नागरी वैमानिकांच्या प्रशिक्षणासाठी १९२५ पासून स्वतंत्र शाळा होतीच. काहींना सोव्हिएत रशियातील लिपेत्स्क येथे गुप्तपणे लष्करी शिक्षण मिळाले. हे केंद्र १९३३ मध्ये बंद झाले. जेथे प्रशिक्षणच गुप्त, तेथे त्याचा बिल्ला मिरवला जाण्याचा प्रश्नच नव्हता. हजारो तरुण मात्र इंजिनाविना उडणाऱ्या ग्लायडरकडे वळले. १९२० मध्ये ऱ्होन प्रदेशातील वासरकुप्पे या डोंगरावर ग्लायडरांची पहिली स्पर्धा झाली आणि तेथून ही चळवळ पसरली. ग्लायडिंगच्या अ, ब आणि क या परीक्षांसाठी निळ्या पार्श्वभूमीवर अनुक्रमे एक, दोन आणि तीन पांढरे समुद्रपक्षी, अशी चिन्हे रूढ झाली. त्यापुढच्या रौप्य पदवीसाठी पाच तासांचे सलग उड्डाण, १००० मीटर उंची आणि ५० किलोमीटर अंतर, या अटी होत्या. ही पक्ष्यांची खूण पुढे आंतरराष्ट्रीय झाली. म्हणून तीन पक्ष्यांचा बिल्ला जर्मनच असेल असे म्हणता येत नाही. तो इंग्लंडमधील वा अन्य देशातील ग्लायडर चालकाचाही असू शकतो.

मार्च १९३३ मध्ये नाझी राजवटीने निरनिराळे उड्डाणसंघ मोडून एकच जर्मन हवाई क्रीडा संघ निर्माण केला. नाव क्रीडेचे असले, तरी त्याच्या आश्रयाने भावी हवाई दलाची माणसे तयार होत होती. निळसर-करडा गणवेश घालणाऱ्या या संघाच्या सभासदांना पदनिदर्शक व कौशल्यनिदर्शक चिन्हे मिळाली. १९३५ मध्ये हवाई दलाचे अस्तित्व उघडपणे जाहीर झाले आणि त्याच वर्षी पुष्पमालेतील उडत्या गरुडाचा नवा वैमानिक बिल्ला आला. १९३७ मध्ये क्रीडा संघाच्या जागी नाझी पक्षाशी थेट संलग्न असलेले उड्डाण दल स्थापन झाले; पंख असलेला मानव ही त्याची खूण होती. म्हणजे १९३३ ते १९३७ या अवघ्या चार वर्षांत वैमानिकाच्या छातीवरील चिन्हाची मालकी अनेकदा बदलली. जे बिल्ले केवळ दोन-तीन वर्षे वापरात होते, ते साहजिकच संख्येने थोडे, नोंदींत तुटक आणि ओळखण्यास कठीण आहेत. येथे दुर्मीळता हे मूल्याचे लक्षण मानण्यापेक्षा संस्थांच्या अल्पायुष्याची खूण मानणे इतिहासदृष्ट्या अधिक योग्य होय.

स्वस्तिकाविषयी येथे विशेष सावधगिरी हवी. आपल्याकडे चोपडीपूजनापासून उंबरठ्यावरील रांगोळीपर्यंत मंगलसूचक असणारे हे चिन्ह जर्मनीत वंशद्वेषी राजवटीचे प्रतीक ठरले, हा भेद सर्वज्ञात आहे. तथापि वैमानिकाच्या चिन्हावर स्वस्तिक दिसले की तो बिल्ला जर्मनच, असे समीकरण मांडणेही चुकीचे ठरेल. फिनलंडच्या हवाई दलाने १९१८ पासूनच निळे स्वस्तिक स्वीकारले होते आणि लॅटव्हियाच्या विमानांवरही ते होते. दोहोंचा नाझी पक्षाशी उगमसंबंध नव्हता. याउलट स्वस्तिक नसलेला बिल्ला १९३३ पूर्वीचा, हेही खात्रीने सांगता येत नाही. पश्चिम जर्मनीने १९५७ च्या कायद्याने जुनी सन्मानचिन्हे स्वस्तिक वगळून वापरण्यास परवानगी दिली, त्यामुळे तशी नवी रूपे पुन्हा तयार झाली. सारांश, चिन्हातील एखाद्या घटकाचे असणे वा नसणे हा पुरावा आहे. परंतु तो एकट्याने निर्णायक नाही.

३. वस्त्राची साक्ष

चित्र आणि संस्था यांच्यानंतर तिसरी साक्ष वस्त्राची. बिल्ला लोकरी कापडावर हाताने भरला आहे, की यंत्रावर फितीसारखा विणला आहे, हे प्रथम पाहावे. हाताने भरलेल्या कामात टाक्यांची लांबी सारखी नसते आणि मागील बाजूस धाग्यांच्या गाठी व भर देण्यासाठी घातलेला कागद किंवा पुठ्ठा दिसतो. यंत्रावर विणलेल्या बिल्ल्यात पुढील आकृतीचे उलट रूप मागे उमटते. धागा सुती, रेशमी, जरीचा की कृत्रिम, हा पुढचा प्रश्न होय. नायलॉनचे व्यापारी उत्पादन १९३० च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाले आणि पॉलिएस्टर त्यानंतर आले. म्हणून १९२० च्या दशकातील म्हणून सांगितलेल्या बिल्ल्यात पॉलिएस्टरचा धागा आढळला, तर त्या सांगण्यावर विसंबता येणार नाही. कापड पांढरे दिसावे म्हणून वापरली जाणारी, अतिनील प्रकाशात चमकणारी रसायने दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास वापरात आली. त्यामुळे अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली बिल्ला निळसर-पांढरा उजळतो का, ही साधी चाचणी उपयुक्त ठरते. मात्र उजळला म्हणून तो नकली असा तडकाफडकी निर्णय देऊ नये. जुने कापड नव्या साबणाने धुतले असले, तरीही असे होऊ शकते. धागा जाळून पाहण्याची पद्धत दुकानदारांत प्रचलित असली, तरी ती साधनाचाच नाश करते, म्हणून ती टाळावी.

भारतीय अभ्यासकाला येथे एक खास अडचण आहे आणि एक खास सोयही आहे. जरीचे भरतकाम ही आपली जुनी कला. वाराणसी आणि सियालकोट येथील कारागिरांनी भरलेले लष्करी बिल्ले अनेक देशांच्या बाजारात जातात. त्यांत जुन्या बिल्ल्यांच्या प्रतिकृतीही असतात. त्यामुळे जर्मन धाटणीचा जरीचा बिल्ला आपल्याकडे आढळला, तर तो जर्मनीतून आला की येथेच घडला, हा प्रश्न आधी विचारावा. जरदोजीचा टाका ओळखणारा जुना कारागीर या बाबतीत ग्रंथापेक्षा अधिक सांगू शकतो.

४. 'हैदराबाद' नावाची विमाने आणि चिन्हे

या पार्श्वभूमीवर हैदराबाद संस्थानाचे उदाहरण पाहू. पहिल्या महायुद्धात सातवा निजाम मीर उस्मान अली खान याने ब्रिटिशांना मोठे आर्थिक साहाय्य केले. त्यातून ब्रिटिश हवाई दलाच्या ११० क्रमांकाच्या पथकाला डीएच ९ ए जातीची बॉम्बफेकी विमाने मिळाली. या विमानांवर निजामाच्या देणगीचा उल्लेख रंगवलेला असे आणि पथकाच्या नावात 'हैदराबाद' हा शब्द आला. सप्टेंबर १९१८ मध्ये हे पथक फ्रान्समध्ये दाखल झाले व जर्मन शहरांवरील हल्ल्यांत त्याचे मोठे नुकसान झाले. ५ ऑक्टोबर १९१८ रोजी या पथकाचे एफ १०१० क्रमांकाचे विमान जर्मन हद्दीत उतरवावे लागले आणि त्यातील दोघे वैमानिक युद्धकैदी झाले.

या विमानाचा पुढील प्रवास बिल्ल्याच्या अभ्यासकाने मुद्दाम लक्षात घ्यावा असा आहे. जर्मनांनी ते जपून ठेवले व बर्लिनच्या विमानसंग्रहालयात मांडले. दुसऱ्या महायुद्धात बर्लिनमधील संग्रहातील काही विमाने पूर्वेकडे हलवण्यात आली आणि युद्धानंतर ती पोलंडमध्ये राहिली. अखेर १९७७ मध्ये एका स्पिटफायर विमानाच्या बदल्यात ते क्राको येथून ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमकडे आले. हैदराबादच्या पैशातून इंग्लंडमध्ये बांधलेले विमान जर्मनीत पकडले गेले, पोलंडमध्ये पडून राहिले आणि सहा दशकांनी लंडनला परतले. तरीही त्याची ओळख हरवली नाही, कारण क्रमांक, पथक आणि हस्तांतराची साखळी उपलब्ध होती. कापडी बिल्ल्याच्या बाबतीत नेमकी हीच साखळी तुटलेली असते.

ब्रिटिश हवाई दलात पथकांच्या चिन्हांना १९३६ पासून शिस्तबद्ध रूप आले. प्रत्येक चिन्हाची तपासणी मानचिन्हशास्त्राच्या अधिकाऱ्याकडून होई आणि त्यावर राजाची संमती घेतली जाई. ११० क्रमांकाचे पथक १९१९ मध्ये विसर्जित झाले होते. ते १९३७ मध्ये पुन्हा उभारण्यात आले. त्याच्या चिन्हात ताऱ्यांच्या मुकुटातून वर येणारा अर्धा वाघ आहे आणि तो निजामाच्या मानचिन्हाशी जोडला जातो. ऑक्टोबर १९३९ मध्ये पुन्हा उभारलेल्या १५२ क्रमांकाच्या पथकालाही 'हैदराबाद' हे नाव मिळाले. त्याच्या चिन्हात निजामाचे शिरोभूषण, म्हणजे दस्तार आहे आणि 'विश्वासू मित्र' या अर्थाचे ब्रीदवाक्य आहे. त्याच महिन्यात उभारलेल्या २५३ क्रमांकाच्या 'हैदराबाद संस्थान' पथकाच्या चिन्हात चिलखती मुठीत धरलेला भारतीय परशू आहे.

आपली तिहेरी कसोटी येथे लावून पाहू. केवळ चित्रावरून दस्तार असलेला बिल्ला हा संस्थानी फौजेचा वाटेल. प्रत्यक्षात तो ब्रिटिश लढाऊ विमानपथकाचा आहे. त्यातील ब्रीदवाक्य त्याचे मूळ दाखवते, कारण 'ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र' हा किताब निजामाला १९१८ मध्ये देण्यात आला होता. कालनिर्णयासाठी वरचा राजमुकुट पाहावा. राजा सहाव्या जॉर्जच्या काळातील मुकुटाच्या कमानी उंच गोलाईच्या आहेत. एलिझाबेथ राणीच्या काळात, १९५० च्या दशकात, मध्यभागी खोलगट असलेला निराळा मुकुट आला. मात्र २०२२ मध्ये राजा तिसरा चार्ल्स याने पुन्हा जुन्या घडणीचा मुकुट स्वीकारल्यामुळे 'गोलाईचा मुकुट म्हणजे जुना बिल्ला' हा नियम आता निरपवाद राहिलेला नाही.

५. चिन्ह आणि प्रजा

बिल्ला कोणाचा, या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले, तरी इतिहासाचा प्रश्न संपत नाही. पथकाच्या नावातील 'हैदराबाद' म्हणजे कोण? त्या काळी जालना हे औरंगाबाद जिल्ह्यातील गाव होते. स्वतंत्र जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. १९ व्या शतकात येथे हैदराबाद कन्टिन्जंट या इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील, परंतु संस्थानाच्या खर्चाने पोसलेल्या फौजेची छावणी होती. १९०३ मध्ये ही फौज भारतीय सैन्यात विलीन झाली. म्हणजे आपल्या ताब्यात नसलेल्या सैन्याचा खर्च उचलणे हा हैदराबादच्या खजिन्याचा जुनाच अनुभव होता. विमानांच्या देणगीने त्याला केवळ नवे रूप दिले. मुलूख दिवाणी असो वा सर्फ-ए-खास, त्याच्या उत्पन्नाचा मोठा आधार शेतसारा हाच होता. त्या अर्थी वाघाच्या आणि दस्ताराच्या चिन्हात मराठवाड्यातील कुणब्याचाही वाटा आहे; परंतु तो चिन्हात कोठेही दिसत नाही.

कालक्रम पाहिला की हा विरोधाभास अधिक ठळक होतो. १९३८ मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली, सत्याग्रह झाला आणि त्याच वर्षी औरंगाबादच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याच्या हक्कासाठी आंदोलन केले. त्यानंतर वर्षभरातच 'विश्वासू मित्र' हे ब्रीद मिरवणाऱ्या पथकाची उभारणी झाली. विश्वास होता तो शासकाचा. प्रजेची निष्ठा वेगळ्या दिशेने चालली होती आणि १७ सप्टेंबर १९४८ रोजी तिने आपला निकाल पाहिला. बिल्ल्याचे वर्णन करताना ही दुसरी बाजू नोंदली नाही, तर ओळख अचूक असूनही इतिहास अपुरा राहतो.

निष्कर्ष :

१) आंतरयुद्धकालीन जर्मन वैमानिकांचे कापडी बिल्ले ओळखण्यास कठीण आहेत, याचे मुख्य कारण त्यांना मान्यता देणाऱ्या संस्था कधी बेकायदेशीर, कधी गुप्त आणि कधी अल्पायुषी होत्या, हे होय.
२) चित्र हा ओळखीचा आरंभ आहे, शेवट नव्हे. मान्यता देणारी संस्था, तिचा काळ, वस्त्राची घडण आणि हस्तांतराची साखळी यांचा एकत्रित विचार केल्याशिवाय निर्णय देऊ नये.
३) स्वस्तिक, मुकुट, पक्षी वा हत्ती अशा एकाच घटकावरून केलेले अनुमान दिशाभूल करू शकते.
४) 'हैदराबाद' पथकांची चिन्हे देणगीदार शासकाची ओळख सांगतात, ज्या रयतेच्या उत्पन्नावर देणगी उभी राहिली, तिच्याविषयी ती मौन बाळगतात.

मराठवाड्यातील अनेक घरांत माजी सैनिकांच्या, संस्थानी नोकरांच्या आणि मुक्तिसंग्रामातील स्वयंसेवकांच्या वस्तू अद्याप आहेत. आपल्या महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी अशा बिल्ल्यांची दोन्ही बाजूंची छायाचित्रे, मोजमाप, धाग्याचे वर्णन आणि घरातील वडीलधाऱ्यांनी सांगितलेली हकीकत यांची नोंदवही ठेवण्यास आरंभ करावा. यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. फूटपट्टी, भिंग आणि चिकाटी पुरेशी आहे. नोंद करताना 'बहुधा' आणि 'निश्चित' हे दोन रकाने वेगळे ठेवावेत. वस्तू कोणी दिली व ती त्यांच्याकडे कशी आली, एवढे आज लिहून ठेवले, तरी पुढच्या अभ्यासकाला तुटलेल्या साखळीची एक कडी मिळेल.